निबंधलेखन (इयत्ता आठवी) : परत गेल्यावरचा पहिला दिवस

'माझा पहिला दिवस' हा निबंध आपण सगळेच दरवर्षी लिहून घेतो. शाळेतला, वसतिगृहातला, नव्या गावातला. यंदा मी विषय जरा बदलला : परत गेल्यावरचा पहिला दिवस. याला कारण माझी एक माजी विद्यार्थिनी.

ती रोममध्ये जुन्या वास्तूंच्या जतनाचं शिक्षण घेतेय. पहिल्याच वर्षी वडील गेले, ती गावी आली आणि सात महिने इथेच राहिली. "आईला एकटीला सोडून आता कुठे जातेस?" असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. शेवटी आईनेच बॅग भरायला लावली. सप्टेंबरमध्ये ती पुन्हा तिकडे उतरली. त्या रात्री तिने मला लांबलचक निरोप पाठवला. तिला विचारून तो मी वर्गात वाचून दाखवला.

विमानतळावरून टर्मिनी स्टेशनला रेल्वेने अर्धा तास लागतो. स्टेशनबाहेरच इ.स.पू. चौथ्या शतकातल्या तटबंदीचा मोठा तुकडा उभा आहे. पहिल्या वेळी तिने त्याचे फोटो काढून लगेच बाबांना पाठवले होते. या वेळीही सवयीने मोबाइल बाहेर काढला, आणि पाठवायचे कुणाला ते कळेना.

मग तहान लागली. रोमच्या रस्त्यांवर १८७४ पासून बसवलेले लोखंडी नळ आहेत. तोटी वाकडी, म्हणून लोक त्यांना 'नाझोने' म्हणजे मोठं नाक म्हणतात. पाणी सतत वाहत असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते आणि वाकायला लागत नाही. तिने न कळत तसं केलं, तर शेजारी उभ्या असलेल्या एक पर्यटक बाई बघून तसंच करू लागल्या! "सर, तेव्हा वाटलं, मी इथली थोडी आहे."

खोलीवर जाताना सान जोव्हानी स्टेशनात मेट्रो बदलावी लागते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या भागात, खोदताना सापडलेल्या वस्तू तिथेच मांडल्यात. खाली उतरत जाल तसा काळ मागे जातो. रोमन काळातल्या शेतातल्या पीचच्या बियासुद्धा आहेत! हे वाचताना मी फळ्यावर जिना काढला आणि पायऱ्यांवर शतकं लिहिली. मुलांना इतिहासाचे थर असे पटकन कळतात, करून पाहा. (आपल्या तेरच्या संग्रहालयात रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा आहेत, सहल काढायची तर तिथे काढा.)

संध्याकाळी तिने भात लावला, आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी उघडली. तिकडे आठ वाजले होते, म्हणजे इकडे साडेअकरा. आई जागीच होती. "जेवलीस का?" एवढंच दोघी एकमेकींना विचारत राहिल्या.

वर्ग अगदी शांत झाला होता. मी मुद्दे दिले नाहीत, सुरुवातही सांगितली नाही. एवढंच म्हणालो, "तिथे काय तसंच होतं आणि काय नव्हतं, ते लिहा." पालकांनी हे घरीही करून घ्यावं. मात्र शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नये, हे माझं मत.

बहुतेकांनी मामाच्या गावाहून परतल्यावर लिहिलं. एका मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर तोही त्यांच्यासोबत गेला होता, तो उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेत परतला. त्याने पाचच ओळी लिहिल्या. शेवटची अशी : "माझ्या जागेवर दुसरा बसला होता. सरांनी मला मागं बसवलं."

ते सर म्हणजे मीच. दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायच्या आधी त्याला विचारलं, "बाळा, कुठे बसायचंय?" त्याने खिडकीकडे बोट दाखवलं.