पाना लावण्याआधी

सातपूर, नाशिक

चि. अमोल यास,


तुझा निरोप मिळाला. पिंपळगावच्या गुरुजींची लोगान ऑइल खाते, आधीच्या गॅरेजवाल्याने ‘रिंगा गेल्या’ असं सांगून इंजिन कामाचा मोठा आकडा काढला आणि आता ते तुझ्याकडे आलेत. इंजिन उतरवू का, असं तू विचारतोस. आज तरी नाहीच. इंजिन खोलायचं ते दोष कुठे आहे हे कळल्यावर. दोष शोधण्यासाठी खोललंस, तर रिंगा बदलून, बोअर करून, हेड बसवून गाडी पुन्हा तेवढंच ऑइल पिताना दिसू शकते. मग गुरुजींचे पैसे गेलेले असतात आणि तुझं नावही.

ही गाडी तशी आपल्याच गावची. महिंद्रा आणि रेनो यांनी मिळून २००७ साली लोगान बाजारात आणली, ती इथल्या कारखान्यात बांधून. २०१० मध्ये रेनोने भागीदारी सोडली आणि पुढच्या वर्षापासून तीच गाडी व्हेरिटो या नावाने विकली जाऊ लागली. गुरुजींच्या गाडीत १.४ लिटरचं पेट्रोल इंजिन आहे: १३९० सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, टायमिंग बेल्ट. साधं आणि दणकट. पंधरा वर्षं झाल्यावर त्यांनी पैसे भरून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली, याचा अर्थ त्यांना ती अजून चालवायची आहे. त्यांच्या पेन्शनमधला एकही रुपया अंदाजावर खर्च होता कामा नये.

इंजिनातून ऑइल जायच्या वाटा मोजक्याच. ते बाहेर गळतं, ब्रीदरवाटे इनटेकमध्ये ओढलं जातं, व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरतं, रिंगांच्या कडेने वर चढतं, नाहीतर हेड गॅस्केट फुटून पाण्यात मिसळतं. यातली कुठली वाट उघडी आहे ते शोधायचं, आणि शोधताना बाहेरून आत, स्वस्ताकडून महागाकडे जायचं. हा क्रम कधी मोडू नकोस.

सगळ्यात आधी मोज. ‘लिटरभर खाते’ हे गुरुजींचं म्हणणं आहे, तुझं मोजमाप नाही. गाडी सपाट जागी उभी कर, इंजिन बंद करून दहा मिनिटं जाऊ दे, म्हणजे वर चढलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरेल. डिपस्टिक पुसून पुन्हा घाल आणि मग वाच. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भर, मीटरचा आकडा वहीत लिही आणि गाडी गुरुजींना परत दे. हजार किलोमीटर झाल्यावर त्याच जागी, त्याच पद्धतीने मापाच्या भांड्याने ऑइल टाक आणि किती मिली लागलं ते लिही. काही कंपन्यांच्या पुस्तकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटर, तर काहींत एक लिटरपर्यंतचा खप चालेल असं म्हटलेलं असतं. माझा आडाखा त्याहून कडक आहे. पावशेरभर, म्हणजे २५० मिलीच्या आत खप असेल, तर जुन्या गाडीला फक्त ऑइल टाकत राहायचं. अर्ध्या लिटरच्या पुढे गेला की कारण शोधल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

मोजताना एक गोष्ट फसवते. गुरुजी रोज घर ते बाजार, बाजार ते घर एवढीच गाडी फिरवत असतील, तर इंजिन पुरतं तापतच नाही. न जळलेलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली जाऊन ऑइलमध्ये मिसळतं आणि कमी झालेलं ऑइल भरून निघाल्यासारखं दिसतं. मग एक दिवस ते मुंबईला जातात, कसारा घाट उतरून पुढे जाईपर्यंत इंजिन नीट तापतं, ते पेट्रोल उडून जातं आणि डिपस्टिक एकदम खाली गेलेली दिसते. मालकाला वाटतं, एका फेरीत लिटरभर ऑइल जळलं. म्हणून मोजमापाच्या हजार किलोमीटरमध्ये लांबचा प्रवासही असू दे. डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो का, तेही बघ.

मग गाडी वर घे आणि खालून बघ. आधी इंजिन धुऊन कोरडं कर, नाहीतर दहा वर्षांचा चिकटा तुला काहीच सांगणार नाही. टॅपेट कव्हरचं गॅस्केट, ऑइल फिल्टरचं रबर, ऑइल प्रेशर स्विच, ड्रेन प्लगचं वॉशर, कॅमशाफ्टचं सील, क्रँकचं पुढचं आणि मागचं सील, सगळं टॉर्च मारून तपास. धावत्या गाडीत गळलेलं ऑइल वाऱ्याने मागे आणि खाली पसरतं, म्हणून ओल जिथे जास्त दिसते तिथे उगम नसतो. उगम नेहमी सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात पुढच्या ओल्या जागी शोधायचा. गिअरबॉक्सच्या जोडाखाली ठिपका पडत असेल, तर बोटावर घेऊन वास घे. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला तो नसतो. टायमिंग बेल्टच्या बाजूचं सील गळत असेल, तर ते काम पुढे ढकलू नकोस. ऑइलने बेल्ट फुगतो, कुजतो, आणि या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

बाहेर कोरडं असेल तर ब्रीदर बघ. रिंगांच्या कडेने थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये जातो. ब्रीदरची नळी आणि तिच्यातली बारीक भोकं तो गॅस इनटेकमध्ये नेऊन सोडतात. ही वाट चिकट्याने बंद झाली, की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि चांगली सीलंही गळायला लागतात. उलट ती प्रमाणाबाहेर मोकळी झाली, तर इंजिन ऑइलचे कण सरळ ओढून घेतं. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढ आणि भोकावर कागद धर. कागद किंचित आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला जात असेल, तर एकतर ब्रीदर तुंबलाय किंवा रिंगांवरून फार गॅस जातोय. नळ्या काढून धुऊन घे, थ्रॉटलची बॉडी उघडून आत ऑइलचा लेप आहे का बघ. कोणी वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरलं असेल, तर क्रँक ते घुसळतो आणि ते याच वाटेने वर जातं. बऱ्याच गाड्या एवढ्यावरच सुधारतात आणि खर्च फक्त तुझ्या वेळेचा असतो.

आता धूर. धूर गॅरेजमध्ये रेस करून बघायचा नाही. गाडी रात्रभर उभी राहू दे आणि सकाळी पहिला स्टार्ट तू स्वतः मागे उभा राहून बघ. पहिल्या क्षणी निळसर धुराचा एक भपका आला आणि लगेच साफ झाला, तर रात्रभर व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल झिरपलं असं समज. मग चांदवडच्या पुढे राहुड घाटात गाडी ने, मागून दुसऱ्या गाडीत कोणाला तरी बसव. उतारावर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढ. त्या वेळी इनटेकमध्ये ओढ सगळ्यात जास्त असते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत खेचलं जातं. तळाशी येऊन पुन्हा पाय दिलास की निळा लोट निघतो. चढावर, पूर्ण लोडवर सतत निळा धूर येत असेल, तर बोट रिंगांकडे जातं. पण उतारावरच्या त्या ओढीने रिंगांवरूनही ऑइल वर येऊ शकतं, म्हणून धूर हा फक्त साक्षीदार मान, न्यायाधीश मानू नकोस. शिवाय या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. तो गरम असताना थोडा धूर गिळून टाकतो. धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही, असं समजू नकोस. ऑइलमधला फॉस्फरस कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो, म्हणून उगाच वेळही काढायचा नाही.

यानंतर प्लग काढ. चारही प्लग ओळीने कापडावर मांड आणि प्रत्येकापुढे सिलिंडरचा नंबर लिही. तीन कोरडे, तांबूस आणि एक ओला, काळा चकचकीत निघाला, तर दोष त्या एकाच सिलिंडरमध्ये आहे आणि तुझं अर्धं काम झालं. चारही सारखे ओले असतील, तर कारण सगळ्यांना लागू असणारं शोध: ब्रीदर, चुकीचं पातळ ऑइल, म्हातारी झालेली सगळीच सीलं.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे दे आणि आकडे लिही. एखाद्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोज. आकडा वर गेला तर रिंग किंवा बोअर, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हवा भरून गळती ऐकण्याची सोय असेल तर आणखी उत्तम: ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

अमोल, इथे नीट लक्ष दे, कारण भलेभले याच ठिकाणी घसरतात. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये उत्तम आलं, तरी रिंगा निर्दोष सुटत नाहीत. पिस्टनवर वरच्या दोन रिंगा दाब धरतात आणि सगळ्यात खालची भिंतीवरचं ऑइल खरवडून परत खाली पाठवते. गेज फक्त वरच्या दोघींचं काम मोजतं. ऑइल वेळेवर बदललं नाही, की खालच्या रिंगच्या खाचेत कार्बन बसतो, ऑइल परत जायची भोकं बुजतात आणि ती रिंग खाचेत चिकटून बसते. मग कॉम्प्रेशन झकास, ॲव्हरेज ठीक, ओढ ठीक, आणि ऑइल मात्र जातच राहतं. मालक ‘ओढ तर छान आहे’ म्हणतो तेव्हा या रिंगचा संशय घ्यायचा. ती झिजलेली नसते, अडकलेली असते, आणि अडकलेली वस्तू पुष्कळदा सोडवता येते.

सोडवायची कशी? चांगलं डिटर्जंट असलेलं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल घालून थोड्या अंतरावर दोन-तीनदा बदल. नाहीतर पिस्टन मधल्या उंचीवर ठेवून कार्बन सोडवणारं द्रव प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये घाल आणि रात्रभर मुरू दे. सकाळी ते सगळं ओढून काढ. प्लग बसवायच्या आधी इंजिन फिरव, भोकांवर कापड धर. आत द्रव असताना प्लग लावून स्टार्टर दिलास, तर कनेक्टिंग रॉड वाकेल. द्रव दाबला जात नाही. मग ऑइल आणि फिल्टर बदल, कन्व्हर्टर तापून साफ होईपर्यंत थोडा धूर येऊ दे आणि पुन्हा हजार किलोमीटर मोज.

दोष व्हॉल्व्ह सीलचा निघाला, तर हेड उतरवायचीही गरज नसते. पिस्टन वर येण्याच्या थोडं आधी थांबव, प्लगच्या भोकातून नायलॉनची स्वच्छ दोरी आत सोड, तिचं टोक बाहेर राहू दे आणि क्रँक हाताने फिरव, म्हणजे पिस्टन दोरीला व्हॉल्व्हवर दाबून धरेल. मग रॉकर शाफ्ट उतरवून स्प्रिंग काढ, जुनं कडक सील उपट, नवं ऑइल लावून बसव. व्हॉल्व्ह आत पडत नाही. स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह बोटाने बाजूला हलवून बघायला मात्र विसरू नकोस. गाइडच ढिला असेल तर नवं सीलही टिकणार नाही, आणि मग हेड लेथवर न्यावंच लागेल.

आणि खरंच बोअर झिजला असेल, चाचण्या एकमेकींना दुजोरा देत असतील, तर खुशाल इंजिन उतरव. तेव्हा एअर फिल्टरचा डबा आणि त्याची नळीही तपास. आपल्याकडे द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवरची धूळ बारीक असते. फुटलेल्या नळीतून ती आत गेली, तर नवा बोअरही तशीच घासून काढेल. कारण दूर न करता दुरुस्ती करणं म्हणजे तेच काम पुन्हा ओढवून घेणं.

गुरुजींना एक गोष्ट आजच सांग. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब संपला एवढंच सांगतो. तो पेटला, की पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ, असा विचार करायचा नाही. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचं. दर आठवड्याला डिपस्टिक बघायची सवय त्यांना लावून दे. घट्ट ऑइल किंवा बाटलीतलं औषध टाकून धूर लपवायचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका म्हणावं. घट्ट ऑइल थंड इंजिनात वर पोचायला वेळ लावतं, आणि तेवढ्यात कॅमशाफ्ट कोरडा घासतो.

जुनं ऑइल गटारात सोडू नकोस. आपल्या नासर्डीत जे जातं ते गोदावरीत जातं, आणि नदीच्या पाण्यावर पसरलेला तो तवंग कोणी पुसू शकत नाही. डब्यात साठव आणि परवाना असलेल्या पुनर्वापरवाल्यालाच दे. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, तो कायदा तुलाही लागू आहे.

शेवटी, वही ठेव. मीटरचा आकडा, टाकलेलं ऑइल, प्लगचे रंग, चारही कॉम्प्रेशन, सगळं तारखेसह लिही आणि ते पान गुरुजींपुढे ठेवून मगच खर्चाचं बोल. कधी ‘एवढ्यासाठी खर्च करू नका, ऑइल टाकत राहा’ असंही सांगावं लागेल. त्यात तुझी कमाई बुडते असं वाटेल, पण त्या एका वाक्यावर गिऱ्हाईक आयुष्यभर तुझ्याकडे येतं. हजार किलोमीटर झाले की ते पान मला पाठव. आकडे बघून पुढचं ठरवू.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा