पोटाचा आणि मेंदूचा निरोप्या

मुलांनो, सक्करदरा चौकातून उमरेडच्या दिशेने निघालात, की काही वेळाने नागपूर शहर मागे पडते आणि शेते लागतात. रस्त्याच्या कडेला कर्ण्यासारख्या पांढऱ्या फुलांचे एक झुडूप तुम्ही पाहिले असेल. त्याच्या फळावर काटे असतात. हा धोतरा. उर्दूत त्याला आपण 'धतूरा' म्हणतो. पावसाळ्यात जवळच्याच शेतात पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारणी करणारा माणूसही दिसतो. धोतरा विषारी आणि पंपातले कीटकनाशकही विषारी. पण काही कीटकनाशकांचे विष धोतऱ्याच्या अगदी उलट काम करते. ते कसे?

मेंदूचा हुकूम मज्जातंतूंमधून धावतो. जिथे तंतू संपतो, तिथे पुढच्या पेशीपर्यंत एक बारीक फट असते. ही फट हुकूम कसा ओलांडतो? १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञांनी बेडकांची दोन हृदये घेतली. एका हृदयाच्या मज्जातंतूला त्यांनी विजेचा हलका झटका दिला. त्या हृदयाचे ठोके मंदावले. त्याच्याभोवतीचे पाणी त्यांनी दुसऱ्या हृदयावर सोडले, तर तेही मंदावले! म्हणजे तंतूच्या टोकातून काहीतरी पाण्यात उतरले होते. हा प्रयोग लोवींना स्वप्नात सुचला होता. पहिल्या रात्री त्यांनी तो कागदावर टिपून ठेवला, पण सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना वाचता येईना. दुसऱ्या रात्री तो पुन्हा सुचला, तेव्हा ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले. पुढे १९३६ साली हेन्री डेल यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या पाण्यातल्या निरोप्याचे नाव ॲसिटिलकोलीन. मेंदूत तो लक्ष आणि स्मरण यांसाठी लागतो. पोटात तोच लाळ आणि पाचक रस सोडायला सांगतो व आतड्यांना हलवून अन्न पुढे ढकलतो. निरोप पोहोचला, की एक विकर लगेच त्याचे तुकडे करते. नाहीतर हुकूम कधी थांबलाच नसता.

धोतऱ्याचे बी पोटात गेले, तर या निरोप्याला दार बंद होते. तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, आतडी मंदावतात आणि माणूस भ्रमात बडबडू लागतो. अल्झायमर या आजारात मेंदूतील हा निरोप्या बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. मग घरातल्या आजोबांना नातवाचे नाव आठवत नाही.

कीटकनाशकांतील ऑर्गॅनोफॉस्फेट या गटाचे विष त्या विकरालाच निकामी करते. निरोप्या साचत जातो. लाळ गळते, घाम येतो, उलट्या व जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. २० हून अधिक जण दगावले. त्या हंगामात कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. अनेकांकडे मुखवटा नव्हता, हातमोजे नव्हते, आणि कित्येकदा दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली असत.

तुमच्या गावी कोणी फवारणी करत असेल, तर वाऱ्याकडे तोंड करू नये, अंगभर कपडे घालावेत आणि काम झाल्यावर साबणाने अंघोळ करावी, हे त्यांना सांगा. कोणाला त्रास झाला, तर भिजलेले कपडे काढून अंग धुवावे व त्याला लगेच रुग्णालयात न्यावे. औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद डॉक्टरांना जरूर दाखवावा.

तिथे डॉक्टर ॲट्रोपीनचे इंजेक्शन देतात. हे ॲट्रोपीन धोतऱ्यात आणि त्याच्या कुळातील वनस्पतींत असते! म्हणून कोणी घरी धोतरा वाटून देऊ नये. त्यात विष किती, हे झाडाकडे पाहून कळत नाही. डॉक्टर मात्र छातीची घरघर थांबेपर्यंत ते मोजून देतात. रोगी बडबडू लागला किंवा त्याचे पोट फुगले, तर मात्रा जास्त झाली असे समजून ते हात आखडतात.

शब्दार्थ : निरोप्या – निरोप पोहोचवणारा, कासिद, फट – दरार, विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ, दगावणे – मरण पावणे, हात आखडणे – देणे कमी करणे.