धुक्यातील भटकंती आणि अक्षांश-रेखांश

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळी धुके उतरले, म्हणजे समोरची सोंड कोणती आणि मागे राहिलेली खिंड कोणती याचा उलगडा मुरलेल्या भटक्यालाही होत नाही; अशा वेळी ज्याच्या टिपणवहीत पायथ्याच्या गावाचे, पाण्याच्या टाक्याचे आणि माथ्याचे अक्षांश-रेखांश घरूनच नोंदवून आणलेले असतात, त्याला आपले स्थान निश्चयपूर्वक सांगता येते.

विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस आपण किती अंशांवर आहोत हे अक्षांशावरून कळते. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने मूळ मानलेल्या ग्रीनिचच्या रेखावृत्तापासून पूर्वेस वा पश्चिमेस किती अंशांवर आहोत हे रेखांशावरून. अंशाच्या साठ कला, कलेच्या साठ विकला. अक्षांशाची एक कला भूमीवर सुमारे १.८५ किलोमीटर भरते आणि विकला सुमारे ३१ मीटर. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकत्र येत जात असल्यामुळे आपल्याकडे रेखांशाची विकला थोडी आखूड, सुमारे २९ मीटर असते.

अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या हद्दीवरील, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर १९ अंश ३६ कला उत्तर अक्षांशावर आहे. हाच आकडा दशांशात १९.६० असा लिहिला जातो; परंतु घाईने कोणी तो १९.३६ असा यंत्रात भरला, तर यंत्र शिखराच्या दक्षिणेस सुमारे २७ किलोमीटरवरचे स्थळ दाखवील. म्हणून नोंद कोणत्या पद्धतीची आहे, याची खातरजमा निघण्यापूर्वीच करावी.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशाचे प्रत्येक पान पंधरा कला रुंद व पंधरा कला उंच असते, आणि त्याच्या कडांवर हे आकडे छापलेले असतात. जुन्या मालिकेत कळसूबाईचे पान ४७ ई/१०. भ्रमणध्वनीवरील आकडे या कडांशी ताडून पाहण्याची सवय ठेवावी. उपग्रहांवरून स्थान कळण्यास दूरध्वनीची रेंज लागत नाही, मात्र नकाशा आधीच उतरवून घ्यावा लागतो. निरभ्र रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितकाच साधारणतः आपला अक्षांश असतो: कळसूबाईवरून तो हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका उंच दिसतो.

एवढे मात्र ध्यानात असावे, की दोन स्थानांमधील सरळ रेषा मधला कडा जाणत नाही. वाट बारीसारख्या पायथ्याच्या गावातील जाणत्या माणसालाच विचारावी, आणि मुक्कामाच्या अक्षांश-रेखांशांची एक प्रत घरी ठेवून जावी, म्हणजे प्रसंग ओढवल्यास शोधपथकाला नेमक्या ठिकाणी धाडता येईल.