सायकलीचा दिवा कोणासाठी?



दिवाळी आटोपली, कापसाची वेचणी सुरू झाली आणि दिवस लहान झाले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात जून महिन्यात सातच्या सुमारास मावळणारा सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीस साडेपाचच्या सुमारासच मावळतो, आणि त्यानंतर अर्ध्या तासात काळोख पडतो. जानेवारीत तो उगवतो तोही सात वाजण्यास थोडा अवकाश असता. परंतु मनुष्याची कामे दिवसाबरोबर लहान होत नाहीत. शाळा सुटण्याची वेळ तीच, बाजार उठण्याची वेळ तीच, आणि सायंकाळची प्रार्थनासभा आटोपण्याची वेळही तीच. म्हणून जी परतीची वाट जून महिन्यात उजेडात सरत होती, तीच आता अंधारात चालावी लागते. तेव्हा सायकलीवरून जाणाऱ्याने ह्या महिन्यांत काय करावे, ह्याचा विचार आजच्या पाठात करू. उपदेशक बंधूंनी हा पाठ आपापल्या गावी वाचून दाखवावा आणि शेवटी दिलेल्या प्रश्नांवर मंडळीत बोलणे करावे.

१. एक घडलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात मी मोटारसायकलीवरून घाटंजीहून यवतमाळकडे येत होतो. रात्रीचे आठ वाजले असतील. समोरून एक ट्रक आला. त्याच्या दिव्यांनी माझे डोळे दिपले. तो निघून गेल्यावर दोनतीन क्षण मला काहीच दिसेना, आणि जेव्हा दिसू लागले तेव्हा माझ्या अगदी पुढ्यात गवताचा एक भारा चालला होता. मी ब्रेक दाबला, गाडी घसरली, आणि मी रस्त्याच्या कडेला पडलो. भारा जिच्यावर होता ती सायकल व तिचा स्वार हेही दुसऱ्या बाजूस पडले. देवाच्या दयेने गुडघे व हात खरचटण्यापलीकडे दोघांसही काही झाले नाही.

त्या गृहस्थाने काळी घोंगडी पांघरली होती. सायकलीला दिवा नव्हता. मागच्या मडगार्डावर तांबडी काच होती, परंतु भाऱ्याखालचे पोते तिच्यावर लोंबत होते. मी रागाने काही बोलणार तोच तो म्हणाला, “साहेब, तुमचा लाइट तं मागून येतानाच मले समजला होता. रस्त्यावर उजेड पडला, मी बाजूलेबी झालो. मंग मी तुमाले कसा नाई दिसलो?”

त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही. हा पाठ म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

२. पाहणे आणि दिसणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत

आपण अंधारात चालू लागलो म्हणजे आपले डोळे हळूहळू त्या अंधारास सरावतात. पूर्णपणे सरावण्यास अर्धा तास लागतो. मग चांदण्यात, किंबहुना नुसत्या ताऱ्यांच्या उजेडातही, पायाखालची वाट आपणांस कळते. म्हणून खेड्यातला मनुष्य म्हणतो, “रस्ता माझ्या ओळखीचा आहे, मला दिवा कशाला पाहिजे?” त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरे आहे. त्याला वाट दिसते, आणि येणारी मोटार तर फर्लांगभर दुरूनही दिसते. परंतु ह्यावरून तो मनात असा समज करून घेतो की, ज्या अर्थी मला ती दिसते, त्या अर्थी तिच्या चालकासही मी दिसत असलो पाहिजे. हा समज चुकीचा आहे, आणि ह्या समजामुळे जीव जातात.

मोटार दिसते, कारण ती स्वतःचा उजेड बरोबर घेऊन येते. आपल्याजवळ उजेड नाही. चालकाचे डोळे आपल्या डोळ्यांसारखे अंधाराला सरावलेले नसतात. त्याच्याच दिव्यांनी आणि समोरून येणाऱ्या दिव्यांनी ते पुनःपुन्हा दिपत असतात. त्याला त्याच्या झोताच्या आत जे येते तेवढेच दिसते, आणि त्यातही काळे कापड, काळी घोंगडी, चॉकलेटी स्वेटर ह्यांवर पडलेला उजेड बहुतेक गिळला जातो.

आता थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पुढे काहीतरी आहे हे ओळखून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड ते दोन सेकंद जातात. तेवढ्यात गाडी २५ ते ३३ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक लागल्यावरही कोरड्या रस्त्यावर ती आणखी वीसएक मीटर जाते. म्हणजे एकंदर पन्नास मीटर झाले. भरलेल्या ट्रकास ह्याहून अधिक लागतात. आणि वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. ह्याच्या उलट, खाली वळविलेल्या झोतात काळा कपडा पांघरलेला मनुष्य पुष्कळदा पन्नास मीटरांच्या आत आल्यावरच ओळखू येतो. अशा वेळी चालक कितीही सावध व सज्जन असला, तरी त्याच्या हाती काही उरत नाही.

आपल्या जिल्ह्यातून नागपूर–हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो, नागपूर–तुळजापूर महामार्ग यवतमाळ, आर्णी व उमरखेडकडून जातो, आणि वणीच्या बाजूस कोळशाचे ट्रक रात्रंदिवस चालतात. ज्या रस्त्यांवर पूर्वी बैलगाड्या चालत, तेथेच आता हा वेग आला आहे. रस्ता ओळखीचा असला तरी त्यावरून येणारा ओळखीचा नाही.

तेव्हा लक्षात ठेवावे की, सायकलीचा दिवा मुख्यत्वेकरून आपण पाहावे म्हणून नसतो. आपण दिसावे म्हणून असतो. तो दुसऱ्यासाठी लावावयाचा आहे.

३. परतून जाणारा उजेड

रात्री गोठ्यात बॅटरीचा उजेड टाकला म्हणजे बैलाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण बॅटरी धरणाऱ्यालाच ते चमकताना दिसतात. बाजूला उभा असलेल्यास तसे दिसत नाहीत. कारण त्या डोळ्यांवर पडलेला उजेड जेथून आला तेथेच परत जातो. सायकलीच्या मागील तांबड्या काचेचे, ज्यास रिफ्लेक्टर म्हणतात त्याचे, काम असेच आहे. त्याच्या आतल्या बाजूस बारीक बारीक कोपरे असतात. प्रत्येक कोपऱ्याच्या तीन बाजू एकमेकींशी काटकोनात असतात, आणि त्यांवर आपटून किरण आला त्याच दिशेस माघारी फिरतो. चालकाचे डोळे त्याच्या दिव्यांच्या जवळच असल्यामुळे त्याला ती काच पेटल्यासारखी दिसते. इंग्लंडातील पर्सी शॉ ह्या गृहस्थाने १९३४ साली रस्त्यात बसविण्याच्या अशाच काचांचा हक्क नोंदविला, आणि त्यांस मांजराचे डोळे हेच नाव पडले. आपल्या महामार्गांवरही असे चमकणारे खुंट आता बसविलेले दिसतात.

परंतु रिफ्लेक्टरच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. त्याला स्वतःचा उजेड नाही. ज्या गाडीचा दिवा बंद आहे, किंवा जी वळणावरून येत असल्यामुळे जिचा झोत अजून आपल्यावर पडला नाही, तिला तो काहीच सांगू शकत नाही. चिखलाने माखला, फुटला, किंवा पोत्याखाली झाकला गेला, तर तो असून नसल्यासारखा होतो. म्हणून रिफ्लेक्टरही पाहिजे आणि दिवाही पाहिजे. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

४. काय करावे

पहिले, पुढे पांढरा दिवा असावा. जुन्या सायकलींवर चाकाला घासून चालणारा डायनॅमो असे. तो सहा व्होल्टचा असून पुढच्या व मागच्या दोन्ही दिव्यांस मिळून तीन वॅट वीज देई. त्यात खोड ही की चढावर चाक मंदावले म्हणजे दिवा मिणमिणे, आणि सायकल थांबली म्हणजे तो विझे. आता मोबाइलच्या चार्जरवर भरता येणारे लहान दिवे मिळतात. ते थांबल्यावरही जळतात. तेही नसेल तर घरची बॅटरी ट्यूबच्या पट्टीने हँडलला घट्ट बांधावी. बॅटरी किंवा मोबाइल एका हातात धरून दुसऱ्या हाताने सायकल चालवू नये. दिव्याचे तोंड थोडे खाली असावे, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपून आपणच त्याला आंधळे करू.

दुसरे, मागे तांबडा दिवा असावा. पुष्कळ लोक पुढचा दिवा घेतात आणि मागचा विसरतात. परंतु पुढून येणारी गाडी आपण पाहू शकतो व बाजूला होऊ शकतो. मागून येणाऱ्या गाडीविषयी आपण सर्वस्वी तिच्या चालकाच्या डोळ्यांवर अवलंबून असतो. दोहोंपैकी एकापुरतेच पैसे असतील, आणि वाट ओळखीची असेल, तर मागचा दिवा आधी घ्यावा.

तिसरे, पायडलांवर पिवळे रिफ्लेक्टर असावेत. स्थिर ठिपका दिसला म्हणजे चालकास तो दगड आहे की खांब आहे हे कळत नाही. परंतु वरखाली होणारे दोन ठिपके पाहताच हा सायकल चालविणारा मनुष्य आहे हे तो तत्काळ ओळखतो. ज्यांच्या पायडलांवर ते नाहीत त्यांनी घोट्यांवर चमकणारी पट्टी बांधावी. ट्रकांच्या मागे लावतात तीच ही पट्टी होय, आणि गाड्यांच्या सामानाच्या दुकानात ती मिळते. चाकांच्या आऱ्यांतही रिफ्लेक्टर असावेत. आडव्या रस्त्यावरून येणाऱ्यास तेच दिसतात.

चौथे, कपड्यांविषयी. पांढरा सदरा काळ्यापेक्षा बरा खरा, परंतु थंडीत आपण त्यावर काळी घोंगडी किंवा स्वेटर घालतो, आणि आतल्या पांढऱ्याचा काही उपयोग राहत नाही. म्हणून पांढरा दुपट्टा सर्वांत वरून, पाठीवर येईल असा घ्यावा. मात्र त्याचे टोक चाकात जाणार नाही इतके आवरून बांधावे. भडक पोपटी किंवा नारिंगी रंगाचे जे कपडे मिळतात, ते सूर्याच्या अदृश्य किरणांमुळे दिवसा व सांजवेळी उठून दिसतात. रात्री मात्र ते इतर फिक्या कपड्यांपेक्षा अधिक चमकत नाहीत. रात्री चमकते ती त्यांच्यावरची पट्टी.

पाचवे, ओझ्याविषयी. गवत, पऱ्हाटी किंवा पोते कॅरियरवर बांधून झाल्यावर दहा पावले मागे जाऊन पाहावे. तांबडी काच झाकली गेली असेल तर भाऱ्याच्याच मागल्या बाजूस चमकणारी पट्टी किंवा तांबडा दिवा बांधावा. माझ्या गोष्टीतील गृहस्थाने एवढे केले असते तरी आम्ही दोघेही पडलो नसतो. बैलगाडीवाल्यांनीही हेच करावे. कापसाने भरलेल्या गाडीच्या मागे काहीच लावलेले नसेल, तर अंधारात ती रस्त्यावर उभ्या राहिलेल्या भिंतीसारखीच होय.

सहावे, वागणुकीविषयी. रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ रेषेत चालावे, दोघादोघांनी शेजारी शेजारी चालू नये. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपू लागले म्हणजे त्यांकडे न पाहता डाव्या कडेकडे पाहावे, आणि वेग कमी करावा. मोटार जवळ आली असता “त्याने पाहिले असेल” असे न धरता “त्याने पाहिले नाही” असे धरून वागावे. जे पायी जातात त्यांनी मात्र येणारी वाहने समोर दिसतील अशा उजव्या कडेने चालावे.

५. ह्याचा काही उपयोग होतो काय?

कोणी विचारील की, एवढ्याशा दिव्याने काय होणार? डेन्मार्क देशातील ओडेन्से शहरी २००४–०५ साली ह्याची परीक्षा झाली. सुमारे १,८०० सायकलस्वारांस रात्रंदिवस जळणारे दिवे दिले, आणि सुमारे २,००० जणांस ते दिले नाहीत. वर्षाअखेर पाहता दिवे असलेल्यांत इजा होणारे अपघात सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळले. तो देश सायकलस्वारांना जपणारा; तेथे वेगळे रस्ते आहेत. तेथेही दिव्याने इतका फरक पडतो, तर आपल्या उघड्या रस्त्यांवर तो क्षुल्लक म्हणता येणार नाही.

आपल्या सरकारनेही २०२० साली नव्या सायकलींवरील रिफ्लेक्टरांच्या गुणवत्तेविषयी आदेश काढला. एके काळी शहरांतून बिनदिव्याच्या सायकलस्वारास पोलीस अडवीत व दंड होत असे, आणि त्या भयाने लोक दिवा लावीत. ते भय आता उरले नाही. परंतु ज्या संकटासाठी तो नियम होता, ते पूर्वीपेक्षा वाढले आहे.

६. आपल्या मुलींच्या सायकली

शेवटी एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या भागातील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. त्या सायकलींनी कित्येक मुलींचे शिक्षण टिकले आहे. परंतु हिवाळ्यात शाळा व शिकवणी आटोपून ह्या मुली अंधारातच घरी येतात, आणि पाठीवरच्या काळ्या दप्तराने त्यांचे फिके कपडे झाकले जातात. उद्या एखाद्या मुलीस अपघात झाला, तर तिच्या एकटीचेच नुकसान होईल असे नाही. गावातले इतर बापही आपल्या मुलींस घरी बसवितील. म्हणून मुलीला सायकल मिळाली एवढ्याने आपले काम झाले असे समजू नये. तिच्या दप्तरावर वीतभर चमकणारी पट्टी शिवावी, मागे तांबडा दिवा लावावा, आणि तो भरलेला आहे की नाही हे बापाने किंवा भावाने रोज पाहावे.

उपदेशक बंधूंनी एक करावे. पुढील सभेच्या वेळी बाहेर उभ्या केलेल्या सायकलींवर बॅटरीचा उजेड टाकून पाहावा. कोणती चमकते व कोणती काळोखात राहते हे सर्वांसमक्ष दिसेल, आणि जे पुष्कळ बोलून कळणार नाही ते एका क्षणात कळेल. ही तपासणी प्रथम स्वतःच्या सायकलीपासून सुरू करावी.

जो दिव्यावाचून जातो तो केवळ आपला जीव धोक्यात घालीत नाही. ज्या चालकाने कोणाचे वाईट चिंतिले नाही, त्याच्या माथी तो आयुष्यभर न फिटणारे दुःख ठेवू शकतो. तो चालकही आपला शेजारीच आहे.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. मोटार आपणांस दिसते, तरी आपण चालकास का दिसत नाही?
२. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबेपर्यंत किती मीटर जाते? तुमच्या घरापासून तेवढे अंतर पावलांनी मोजून पाहा.
३. रिफ्लेक्टर असताना दिवा का पाहिजे?
४. पुढचा व मागचा ह्यांपैकी कोणता दिवा आधी घ्यावा, आणि का?
५. तुमच्या गावातील किती मुली अंधारात सायकलीने घरी येतात? त्यांपैकी कितींच्या सायकलींना मागे दिवा आहे?