जोडपत्र उघडणाऱ्याची परीक्षा

प्रत्येक कार्यालयात आवक-जावक विभाग असतो आणि आलेले टपाल उघडणे हे तेथील लिपिकाचे कामच असते. पाकिटावर पाठविणाऱ्याचे नाव नसले किंवा अक्षर अनोळखी असले, तरी तो ते फोडतो, आतील कागदाची नोंदवहीत नोंद करतो, शिक्का मारतो आणि कागद संबंधित टेबलाकडे धाडतो. पाकीट फोडल्यामुळे कार्यालयातील कपाटे आपोआप उघडली, असे कधी घडत नसे. ई-मेलच्या बाबतीत मात्र तसे घडू शकते. ई-मेलसोबत आलेली फाईल, जिला व्यवहारात अटॅचमेंट म्हणतात आणि येथे आपण जोडपत्र म्हणू, ती दिसायला कागदासारखी असली तरी संगणकाला दिलेली आज्ञाही असू शकते. म्हणूनच अलीकडे अनेक संस्था आपल्या कर्मचाऱ्यांना मुद्दाम खोटी, पण निरुपद्रवी, जोडपत्रे पाठवून त्यांच्या सावधगिरीची चाचणी घेतात. अशा चाचणीतून नेमके काय मोजले जाते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

उदाहरणासाठी रायपूरजवळची एखादी भातगिरणी घेऊ. छत्तीसगढ हा भाताचा प्रदेश आहे. सरकारी धान खरेदीचा हंगाम सुरू झाला की गिरणीच्या कार्यालयात रोज ट्रकभाड्याची बिले, बारदानाचे दर, बँकेची पत्रे आणि कराच्या नोटिसा येऊ लागतात, व त्यांतील बहुतेक ई-मेलनेच येतात. हिशेबनीस ती उघडतो, कारण त्याचा पगार त्यासाठीच आहे. एके दिवशी ‘बारदानाचे थकीत बिल, आज अखेरची मुदत’ असे पत्र येते. सोबतच्या फाईलच्या नावाच्या शेवटी ‘पीडीएफ’ असे दिसते. वस्तुतः त्यापुढे ‘ईएक्सई’ हा आणखी एक प्रत्यय असतो. विंडोज प्रणाली परिचित प्रत्यय सामान्यतः दाखवीत नाही, त्यामुळे खरे शेपूट झाकले जाते. अशी फाईल उघडणे म्हणजे अनोळखी माणसाने दिलेला कार्यक्रम स्वतःच्या हाताने सुरू करणे होय.

ही युक्ती जुनी आहे. मे 2000 मध्ये फिलिपाईन्समधून निघालेले ‘आय लव्ह यू’ नावाचे पत्र काही तासांत जगभर पसरले. त्याचे जोडपत्र साध्या मजकुराच्या फाईलीसारखे दिसे, आणि ते उघडताच संगणकातील पत्त्यांच्या यादीतील सर्वांना तेच पत्र आपोआप जाई. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेले असल्यामुळे पुढचा माणूसही ते निःशंकपणे उघडी. त्यानंतर अनेक वर्षे वर्डच्या कागदपत्रांत दडविलेल्या ‘मॅक्रो’ या आज्ञांचा उपयोग होत राहिला. 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या कागदपत्रांतील मॅक्रो आपण होऊन रोखण्यास आरंभ केला, तेव्हा लबाडांनी संक्षिप्त केलेल्या फाईली आणि शॉर्टकट यांचा आश्रय अधिक घेतला. फाईलीला कुलूप घालून किल्ली, म्हणजे पासवर्ड, पत्रातच लिहून देणे हाही त्यातलाच प्रकार होय. कुलूपबंद फाईलीत तपासणी करणाऱ्या यंत्रणेला डोकावता येत नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र ती विशेष गोपनीय, म्हणून विशेष खरी, वाटते.

यातून होणारी हानी किती मोठी असू शकते, याचे उदाहरण शेजारच्या देशात आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने 2018 मध्ये उघड केलेल्या फिर्यादीनुसार बांगला देशाच्या मध्यवर्ती बँकेतील कर्मचाऱ्यांना 2015 च्या प्रारंभी नोकरीसाठी विनयपूर्वक लिहिलेले अर्ज आले. अर्जदाराची माहिती पाहण्यासाठी एक दुवा दिलेला होता, आणि बँकेतील काही संगणकांवरून ती फाईल उतरवून घेण्याचा प्रयत्न झाला. चोरी झाली ती फेब्रुवारी 2016 मध्ये. सुमारे 95 कोटी डॉलरच्या खोट्या आदेशांपैकी 8 कोटी 10 लाख डॉलर मनिला येथील खात्यांत पोहोचले. पत्र येणे आणि पैसे जाणे यांच्यामध्ये एक वर्षाचे अंतर होते. वाचकाने हे अंतर ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्लाही असाच सुट्टी साधून झाला. 11 ऑगस्ट 2018 हा दुसरा शनिवार होता. त्या दिवशी बनावट कार्डांच्या साहाय्याने 28 देशांतील यंत्रांतून सुमारे 78 कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, 13 तारखेला, आणखी 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगला वळविण्यात आले. बँकेच्या यंत्रणेत घातक प्रणाली आधीच शिरलेली होती. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने 2023 मध्ये 11 जणांना दोषी ठरविले. तथापि ते प्रामुख्याने पैसे काढणाऱ्या साखळीतील होते.

आता चाचणीकडे वळू. 2004 मध्ये अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी विद्यालयात एका काल्पनिक कर्नलच्या नावाने 512 छात्रांना पत्र पाठविण्यात आले. त्यात गुणांबाबतच्या माहितीचा एक दुवा होता. 80 टक्क्यांहून अधिक छात्रांनी तो उघडला. यावरून छात्र निष्काळजी होते असे म्हणावे काय? लष्करी विद्यालयात कर्नलची आज्ञा पाळण्याचेच शिक्षण दिले जाते. इंडियाना विद्यापीठातील एका प्रयोगात अनोळखी पत्त्यावरून आलेल्या पत्राला 16 टक्के विद्यार्थी फसले, तर मित्राच्या नावाने आलेल्या पत्राला 72 टक्के फसले. गळाला लावलेले आमिष बदलले की आकडा बदलतो. यास्तव ‘आमच्या कार्यालयात इतके टक्के लोक फसले’ हे विधान आमिष कोणते होते ते सांगितल्यावाचून निरर्थक ठरते. सोपे आमिष लावून चांगला निकाल मिळविणे आणि कठीण आमिष लावून नोकरांना मूर्ख ठरविणे, या दोन्ही गोष्टी व्यवस्थापकाच्या हाती आहेत.

आमिषाला मर्यादाही असावी. डिसेंबर 2020 मध्ये गोडॅडी या अमेरिकी कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना सणाच्या बोनसचे आश्वासन देणारे खोटे पत्र चाचणी म्हणून पाठविले. महासाथीने लोक अडचणीत असलेला तो काळ होता. कंपनीला पुढे क्षमा मागावी लागली. खरा चोर इतका निर्दय असतोच, असा बचाव अशा वेळी केला जातो. तो मला पटत नाही. चोराशी कोणाला उद्या पुन्हा एकत्र काम करावयाचे नसते.

चाचणीत जो चुकतो त्याला तेथल्या तेथे धडा दाखविला की तो सुधारतो, अशी समजूत दीर्घकाळ होती. झुरिच येथील संशोधकांनी एका मोठ्या संस्थेतील 14 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर 15 महिने प्रयोग केला. अशा तात्काळ धड्याने सावधगिरी वाढली नाही, उलट धडा मिळालेले काही अंशी अधिक फसले, असे त्यांना दिसून आले. पाठीशी कोणी सांभाळणारे आहे, या भावनेने कदाचित हात सैल पडत असावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील आरोग्य संस्थेत सुमारे 19,500 कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासातही प्रशिक्षणामुळे पडलेला फरक दोन टक्क्यांहून कमी निघाला. झुरिचच्या अभ्यासात एक गोष्ट मात्र उपयुक्त ठरली. संशयित पत्र एका बटणाने कळविण्याची सोय दिली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी महिनोन्महिने ती उत्साहाने वापरली, आणि नवी फसवी पत्रे फार लवकर लक्षात येऊ लागली.

येथे ते अंतर पुन्हा आठवावे. हजार पत्रे उघडणारा माणूस एखाद्या वेळी चुकणारच. पण चूक आणि चोरी यांच्यामधला अवधी बहुधा आपल्या हाती असतो. तो अवधी वाया जातो तो शरमेने. आपल्या गिरणीतील हिशेबनिसाने बारदानाचे बिल उघडले, पडदा क्षणभर लुकलुकला, काहीच दिसले नाही. मागच्या चाचणीत फसलेल्यांची नावे सूचना फलकावर लागली असतील, तर तो आता कोणाशीही बोलणार नाही. फलक लावणाऱ्याला त्यामुळे नेमकी तीच बातमी मिळणार नाही, जिच्यासाठी चाचणी घ्यावयाची.

म्हणून अशा गिरणीत चाचणी घ्यावयाची असल्यास वर्षभरात ती केव्हातरी होईल, हे सर्वांना आधी सांगावे. पत्र ज्या भाषेत रोजचा व्यवहार चालतो त्याच भाषेत, म्हणजे बहुधा हिंदीत, असावे. सरकारी खात्याचे किंवा खऱ्या व्यापाऱ्याचे नाव वापरू नये. मालकालाही पत्र जावे. पैसे देण्याची आज्ञा त्याच्याच नावाने सुटते आणि फसविणाऱ्यांचे लक्ष त्याच्यावरच अधिक असते. निकालपत्रकात नावे नसावीत. पत्र किती जणांनी उघडले हे लिहावे. परंतु पहिली सूचना किती मिनिटांत आली आणि उघडणाऱ्यांपैकी किती जणांनी आपण होऊन सांगितले, हे रकाने त्याआधी असावेत.

कोणाला सांगावयाचे, हेही ठरलेले असले पाहिजे. लहान कार्यालयात एक माणूस आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक एवढे पुरते. उघडणाऱ्याने संगणकाची जाळ्याशी असलेली जोडणी, तार किंवा वाय-फाय, तोडावी. संगणक बंद करू नये, कारण त्याच्या स्मृतीत पुरावा असतो. आणि त्या माणसाला लगेच फोन करावा. पैसे गेले असतील तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावयाच्या असतात. हे सहा तास मालकाच्या घड्याळाने मोजले जातात, आणि ते घड्याळ हिशेबनिसाने तोंड उघडल्यावर सुरू होते.