प्रोग्रॅमची शिदोरी

(संगणकावरील प्रोग्रॅम आपल्यापर्यंत कसा पोहोचतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील शिलालेखांतही हे नाव आढळते. ते व्यापाराचे गाव होते. 'पाठवलेला माल नीट पोहोचेल ना?' ही प्रत्येक व्यापाऱ्याची काळजी. आज प्रोग्रॅम तयार करणाऱ्यालाही हीच काळजी असते.

संगणकाचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. युनिक्स ही अशी प्रणाली १९६९ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज येथे जन्मली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने तिच्या धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला. भारतात सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये लिनक्सवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली आणली.

समजा, कोणी चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या संगणकावर तो छान चालतो. तुमच्या शाळेत मात्र उघडतच नाही. असे का होते? पडद्यावर खिडक्या व बटणे दाखवण्याचे काम प्रोग्रॅम एकटा करत नाही. ते तो लायब्ररी नावाच्या तयार प्रोग्रॅम-संग्रहाकडून करून घेतो. ती लायब्ररी तुमच्याकडे नसेल किंवा फार जुनी असेल, तर काम अडते.

म्हणून प्रोग्रॅम सुटा पाठवत नाहीत. त्याचे पॅकेज बांधतात. त्यात मुख्य प्रोग्रॅम, त्याची चित्रखूण आणि एक लहान फाइल असते. या फाइलमध्ये प्रोग्रॅमचे नाव आणि तो सुरू करण्याची आज्ञा लिहिलेली असते. तिच्यामुळेच तो मेनूत दिसतो.

पॅकेज बांधण्याच्या दोन रीती आहेत. पाहुणा ताटवाटी यजमानाची वापरतो, तशी पहिली रीत. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनमध्ये ती दिसते. पॅकेजमध्ये लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी असते. जे नसेल ते संगणक मागवून घेतो. जागा वाचते. एका लायब्ररीतील दोष काढला, की सर्वांचा फायदा होतो.

सहलीला जाणारा स्टोव्ह आणि भांडीही बरोबर नेतो, तशी दुसरी रीत. फ्लॅटपॅक, स्नॅप आणि ॲपइमेज ही तिची उदाहरणे. असे पॅकेज अनेक प्रकारच्या लिनक्सवर चालते. पण ओझे वाढते. बरोबर आणलेल्या लायब्ररीत दोष निघाला, तर ते पॅकेज पुन्हा बांधावे लागते.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. त्या लहान फाइलमध्ये प्रोग्रॅमचे नाव मराठीत आणि उर्दूतही लिहिता येते. परंतु भाषांतर शिदोरीत बांधलेच नाही, तर मेनू इंग्रजीतच दिसतो. योग्य फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. उर्दूसाठी तर बटणांची मांडणीही उजवीकडून सुरू करावी लागते. पुष्कळदा ही भाषांतरे स्वयंसेवक करतात.

मुलांनो, तुम्हांला उर्दू येते आणि मराठीही येते. उद्या ही शिदोरी भरणाऱ्या हातांत तुमचेही हात असू शकतील.

शब्दार्थ
शिदोरी – प्रवासात बरोबर नेलेले अन्न, तोशा
यजमान – मेजबान
रीत – तरीका
ओझे – बोजा

स्वाध्याय
१. प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर का अडतो?
२. पॅकेजच्या दोन रीतींतील फरक लिहा.
३. 'फाइल', 'मेनू', 'छापा', 'बंद करा' हे शब्द उर्दूत लिहा.