पुराचा क्षेत्रालेख : एका बिंदूस रंग कसा द्यावा?

(इयत्ता सातवी : गणित व भूगोल यांचा समवाय-पाठ)

विषयप्रवेश

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, माहुलीस वेण्णेला व कऱ्हाडास कोयनेला भेटते आणि मग सांगलीस येते. तेथे १९२९ मध्ये बांधून पुरा झालेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा-पातळी व ४५ फूट ही धोका-पातळी होय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. पावसाळ्यात नदीकाठच्या मुलांच्या कानांवर पातळीचे आकडे रोज पडतात. ते चित्ररूपाने मांडणे व चित्रावरून नेमके वाचणे मुलांस यावे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

क्षेत्रालेखाचे स्वरूप

रेषालेखातील रेषेखालची जागा रंगाने भरली म्हणजे क्षेत्रालेख होतो. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आयात व निर्यात यांच्या रेषांमधील जागा रंगवून व्यापाराचा तोल कोणत्या बाजूस झुकला, हे दाखविले. तेथे रंग शोभेसाठी नव्हता; तो एक विधान करीत होता. पुराच्या आलेखात तांबडा रंग दिला, म्हणजे ‘या वेळी धोका होता’ असे विधान केले. ते खरे असले पाहिजे.

येथेच अडचण उद्भवते. स्तंभालेखात प्रत्येक नोंदीस स्वतःचा स्तंभ असल्यामुळे एकाच नोंदीचा रंग बदलणे सोपे असते. क्षेत्रालेखात नोंद म्हणजे रेषेवरील एक बिंदू, आणि बिंदूस क्षेत्रफळ नसते. मग रंग कोठून कोठवर द्यावयाचा?

फळ्यावरील काम

पुढील आकडे केवळ सरावाकरिता घेतले आहेत. सात दिवस रोज सकाळी ८ वाजता घेतलेली पातळी अनुक्रमे ३६, ३९, ४३, ४६, ४४, ४१ व ३८ फूट आहे, असे मानावे. मुलांनी आलेख-कागदावर हे बिंदू मांडून जोडावेत आणि ४० व ४५ फुटांवर आडव्या रेषा काढाव्यात. धोका-पातळीच्या वर केवळ चौथ्या दिवसाचा बिंदू आहे, हे त्यांस सहज दिसेल. ‘धोक्याचा काळ तांबड्या रंगाने दाखवा,’ असे सांगून शिक्षकाने काही वेळ गप्प राहावे.

काही मुले बिंदूवर नुसता ठिपका देतील. काही मुले तिसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंतचे दोन्ही पट्टे रंगवतील. ठिपक्यावरून धोका किती वेळ होता, ते कळत नाही. पट्ट्यांवरून तो ४८ तास होता असे दिसते. परंतु तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी ४३ फुटांवरच होते! मग खरा काळ कोणता, हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा.

त्याचे उत्तर त्रैराशिकाने मिळते. पाणी समगतीने चढले असे मानल्यास २४ तासांत ३ फूट, म्हणून ४३ वरून ४५ फुटांवर येण्यास १६ तास लागले. सकाळी ८ नंतर १६ तास म्हणजे मध्यरात्र. उतरताना २४ तासांत २ फूट, म्हणून ४६ वरून ४५ फुटांवर येण्यास १२ तास, म्हणजे रात्रीचे ८. धोक्याचा काळ एकूण २० तासांचा ठरतो. ४५ फुटांच्या रेषेवरील लहानसा त्रिकोण तेवढाच तांबडा करावा. नोंद सकाळची असली तरी पाण्याने रेषा ओलांडली ती मध्यरात्री, गाव झोपेत असताना, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

संगणकावरील काम

ज्या शाळेत संगणक आहे, तेथे हाच आलेख पायथॉन भाषेतील ‘मॅटप्लॉटलिब’ या आज्ञासंग्रहाने काढता येतो. दोन रेषांमधील जागा भरण्याची त्यातील आज्ञा ‘फिल-बिटवीन’ ही होय. पातळीची रेषा व ४५ फुटांची रेषा तीस द्यावी आणि ‘व्हेअर’ या शब्दाने ‘पातळी ४५ हून अधिक असेल तेथेच’ ही अट घालावी. एवढ्यावर आज्ञा चालविली तर तांबडा रंग मुळीच उमटत नाही, आणि संगणक चूकही दाखवीत नाही. कारण असे की, लगतचे दोन्ही बिंदू अटीत बसले तरच त्यांमधील जागा भरली जाते. येथे अटीत बसणारा बिंदू एकटाच आहे. त्याच आज्ञेत ‘इंटरपोलेट’ हा पर्याय ‘ट्रू’ केला की संगणक रेषांचे छेदनबिंदू शोधतो आणि मुलांनी हाताने काढलेलाच त्रिकोण पडद्यावर उमटतो. नोंदीचा बिंदूही ठळक करावयाचा असल्यास ‘स्कॅटर’ या आज्ञेस प्रत्येक बिंदूच्या रंगाची यादी द्यावी.

एकाच आकड्यांतून धोक्याचा काळ शून्य, ४८ किंवा २० तास दिसू शकतो. म्हणून कागदावरचे गणित आधी व संगणक नंतर, हा क्रम शिक्षकांनी मोडू नये.

उपयोजन

१. याच आकड्यांवरून पाणी इशारा-पातळीच्या वर किती तास होते, ते मुलांनी काढावे व तो भाग पिवळा करावा.

२. सातारा जिल्ह्यातील शाळांनी कोयना जलाशयाच्या रोजच्या साठ्याचा आलेख काढावा. जलाशयाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट आहे. जत व आटपाडी यांसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांत गावच्या पावसाच्या नोंदी घ्याव्यात.

३. काही मुलांस तांबडा व हिरवा यांतील भेद ओळखता येत नाही. त्यांच्याकरिता धोक्याच्या भागावर तिरप्या रेघाही ओढाव्यात.

४. प्रत्येक आलेखाखाली रंगाचा नियम व नोंदीची वेळ लिहावी. ज्या रंगाखाली नियम लिहिलेला नाही, तो आलेख पुरा झाला असे समजू नये.